चौकोनी कंसातला नवरा

बायकोला मदत करावी असं एकओळ्यांच्या मनात आलं, तेव्हा बायको आणि आई चपला घालून दारात उभ्या होत्या. आणखी अर्धं मिनिट ते गप्प बसले असते, तर त्या दोघी जिना उतरून गेल्या असत्या आणि पुढचं काहीच घडलं नसतं. पण गप्प बसणं हा एकओळ्यांचा प्रांत नव्हे.

एकओळे हे काही त्यांचं आडनाव नाही. ते त्यांना ऑफिसात पडलेलं नाव. पेशानं प्रोग्रामर. कुठलंही काम सांगा, एकओळे खुर्चीत मागे रेलून म्हणणार, "त्यात काय, एका ओळीचं काम आहे." मग त्या एका ओळीला आठवडा लागायचा, दोघातिघांच्या रजा रद्द व्हायच्या, पण ओळ मात्र शेवटपर्यंत एकच राहायची. याचा त्यांना अभिमान होता. (बाकीच्यांना काय होतं ते इथे नको.)

बायकोचं काम निराळं. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी ती सिनेमांची सबटायटल्स लिहायची. नुसते संवाद नव्हेत, आवाजसुद्धा. ते गोल कंसात. (दार वाजतं.) (दूरवर कुत्रा भुंकतो.) (शांतता.) कितीतरी वर्षं तिनं किरकोळ फिल्म केल्या होत्या. कारखान्यात हेल्मेट का घालावं, वॉशिंग मशीनचा पाइप कसा बसवावा, आग लागली तर काय करावं. त्या आगीच्या फिल्ममध्ये तिनं (घंटा वाजते) इतक्या वेळा लिहिलं होतं की पुढे कितीतरी दिवस कुकरची शिट्टी झाली तरी ती जिन्याकडे बघायची.

आणि आता पहिल्यांदा तिच्या हातात खरा सिनेमा आला होता. एक म्हातारा नावाडी, त्याची त्याच्याइतकीच म्हातारी बोट, आणि बोलणं जवळजवळ नाहीच. सगळी मदार आवाजांवर. हे काम नीट झालं तर काम देणाऱ्या संस्थेच्या यादीत तिचं नाव लागणार होतं, नाही झालं तर परत हेल्मेट. आणि ते नीट झालं की नाही हे ठरवणार होत्या मोठ्या बाई. मोठ्या बाई म्हणजे त्या संस्थेतल्या तपासनीस. लहानपणापासून त्यांना ऐकू येत नव्हतं, त्यामुळे त्यांच्या पुढ्यात थापा चालत नसत. त्यांच्या शेऱ्यांनी रडलेली माणसं बायकोच्या ओळखीची होती.

बायकोची कामाची एक खोड होती. सिनेमा बघता बघता मनात येईल ते ती त्याच फाइलमध्ये चौकोनी कंसात टिपून ठेवायची. इथे परत ऐकणे, हा शब्द बदलणे, असलं. फाइल पाठवायच्या आधी बसून एकेक चौकोनी कंस हातानं काढायचा. त्या दिवशी संध्याकाळी फाइल द्यायची होती, आणि नेमकी आईंच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी दुपारची वेळ दिली होती.

"परत आले की कंस काढायला बसते," दारात बायको म्हणाली. "तिथे उशीर झाला तर मात्र काही खरं नाही."

"कसले कंस?" एकओळ्यांनी पेपरातून मान वर केली.

"चौकोनी. माझ्या टिपा असतात त्यात. त्या काढून मग फाइल जाते."

"म्हणजे तू ते हातानं काढतेस?"

"मग कशानं काढू, पायानं?"

एकओळ्यांना खरोखर वाईट वाटलं. घरात अख्खा प्रोग्रामर बसलेला असताना त्याची बायको एकेक कंस शोधत बसते, ही त्यांना स्वतःची बेअब्रू वाटली. त्यांनी पेपर खाली ठेवला.

"अगं, एका ओळीचं काम आहे ते."

बायकोनं आईंकडे बघितलं. आईंनी छताकडे बघितलं.

"फोटो लावून देतो म्हणालात तेपण एका ओळीचं होतं," बायको म्हणाली. "माझ्या बहिणीच्या लग्नाचे फोटो नंतर 'पाने आणि स्क्रू' या फोल्डरमध्ये सापडले."

"ते वेगळं. हे एकदम सोपं. कंस उघडतो तिथपासून कंस मिटतो तिथपर्यंतचं उचलायचं. कॉम्प्युटरला असं सांगायची खास भाषाच असते."

"अरे, तिला उशीर होतोय," आई म्हणाल्या. "आणि तुला भाषणाची हौस आलीय."

बायकोनं एकदा घड्याळाकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे. नवऱ्याचा चेहरा इतका उत्सुक होता की तिला नाही म्हणवेना. वीस वर्षांच्या संसारात तिची बहुतेक नुकसानं या चेहऱ्यामुळेच झाली होती.

"करा. पण दोन गोष्टी. एक, टिपा वाचायच्या नाहीत."

"मी कशाला वाचू? प्रोग्राम वाचतो. मी नुसता बसतो."

"आणि दुसरी, पाठवायच्या आधी मला फोन करायचा."

"करतो. तू निश्चिंत जा."

"निश्चिंत," आई जिन्यात म्हणाल्या, आणि रेलिंग घट्ट धरून उतरायला लागल्या.

एकओळ्यांनी चहा केला, बायकोचा लॅपटॉप उघडला, बोटं मोडली, आणि ती एक ओळ लिहिली. उलटी तिरकी रेघ, चौकोनी कंस, एक टिंब, एक चांदणी, परत तिरकी रेघ, मिटलेला कंस. (टिंब म्हणजे कुठलंही अक्षर, चांदणी म्हणजे वाटेल तितकी. आईंनी एकदा असली ओळ बघून "पडद्यावर माशा बसल्यात, पुसून घे," असं सांगितलं होतं.) काही टिपा दोनदोन ओळी लांबल्या होत्या, म्हणून टिंबाला ओळ ओलांडायचीही परवानगी दिली. जे जे सापडेल ते पुसून टाक म्हणून सांगितलं, आणि बटण दाबलं.

काम डोळ्याचं पातं लवायच्या आत झालं. एकओळ्यांनी समाधानानं फाइल उघडली. सुरुवातीला होतं, (पाण्याचा आवाज). आणि त्याच्या लगेच खाली होतं, समाप्त.

मधला सिनेमा गेला होता.

पण एकओळे म्हणजे अनुभवी गडी. मूळ फाइलची प्रत त्यांनी आधीच बाजूला ठेवली होती. (हे शहाणपण त्यांना त्या लग्नाच्या फोटोंनी शिकवलं होतं.) त्यांनी चहाचा घोट घेतला आणि चूक त्यांच्या ध्यानात आली. ही चांदणी जात्याच हावरट असते. तिला सांगितलं की उघडलेल्या कंसापासून मिटलेल्या कंसापर्यंत खा, तर ती पहिला मिटलेला कंस दिसल्यावर थांबत नाही. ती म्हणते, पुढे आणखी असेल. आणि थेट फाइलच्या तळाशी असलेल्या शेवटच्या कंसापर्यंत खात सुटते. मधे नावाडी, बोट, नदी, जे येईल ते. तिला आवरायला तिच्यापुढे एक प्रश्नचिन्ह लावायचं. ते लागलं की ती पहिल्याच मिटलेल्या कंसाशी विचारते, पुरे का? आणि थांबते.

एकओळ्यांनी प्रश्नचिन्ह लावलं. पण आता त्यांना धीर होईना. पुन्हा पुसायला सांगायचं आणि पुन्हा नदी गेली तर? म्हणून त्यांनी खबरदारी घेतली. पुसण्याऐवजी, जे सापडेल तेवढंच फाइलमध्ये ठेव, बाकीचं वगळ, म्हणून सांगितलं. म्हणजे काय जाणार ते आधी दिसेल. खात्री झाली की ओळ परत फिरवून तेवढंच पुसायला सांगायचं. खबरदारी अगदी योग्य होती. आजवर एकओळ्यांनी ज्या ज्या गोष्टीची वाट लावली, ती खबरदारी घेऊनच लावली.

फाइल उघडली. टिपाच टिपा. आता वाचायच्या नाहीत हे खरं, पण बरोबर निघाल्यात की नाही हे न वाचता कसं कळणार? एकओळ्यांनी एक डोळा बारीक केला आणि फक्त पहिली वाचली.

[इथे पाण्याबरोबर आणखी काय आवाज आहे ते कळलं नाही. हे सोफ्यावर घोरतायत. परत ऐकणे.]

एकओळ्यांनी दुसराही डोळा उघडला.

[परत ऐकलं. परत घोरतायत.]

[आजचं घोरणं वेगळं आहे. जुना पंप सुरू होतो, थांबतो, विचार करतो, परत सुरू होतो.]

"काहीतरीच," एकओळे मोठ्यानं म्हणाले. घरात कोणी नव्हतं, तरी बाजू मांडणं भाग होतं. "मी घोरत नाही. डोळे मिटून विचार करतो."

[स्वयंपाकघरात काहीतरी पडलं. हे "काही नाही, काही नाही" म्हणाले. दोनदा म्हणाले, म्हणजे माझा निळा कप गेला.]

एकओळ्यांनी नजर चोरली. निळ्या कपाचे तुकडे त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून पलीकडच्या गल्लीतल्या कचरापेटीत टाकले होते. इतकं करून तिला आवाजावरूनच कळलं होतं, आणि ती एक शब्द बोलली नव्हती.

[मोठ्या बाई इथे शेरा मारणार. त्यांना काहीच पसंत पडत नाही.]

[आई जिना चढतायत. डाव्या पायाचा आवाज हल्ली हलका येतो, भार देत नाहीत. विचारलं तर "काही नाही" म्हणतील. मायलेकरं सारखीच. डॉक्टरांना सांगणे.]

एकओळे खुर्चीत सावरून बसले. आईच्या डाव्या पायाचं त्यांना काहीच माहीत नव्हतं. त्याच घरात, त्याच जिन्यावर रोज ते आईच्या मागे चढत होते. आता ते एकेक टीप सावकाश वाचायला लागले. सिनेमा नावाड्याचा होता, पण त्याच्या मधूनमधून त्यांचंच घर वाहत होतं. नळाचा वायसर, शेजारच्यांचं दार, आईंचं गुणगुणणं, त्यांचं स्वतःचं फोनवर विनाकारण मोठ्यानं बोलणं. सगळं तिनं ऐकलं होतं. आणि अगदी शेवटी, नावाडी घरी परततो तिथे, ही टीप होती.

[यांची किल्ली कुलपात. आधी उलटी घालतात, मग सुलटी. रोज. हा आवाज आला की दिवसभराचं बरं वाटतं. यांना सांगायचं नाही, चढून बसतील.]

एकओळ्यांनी चष्मा काढला, शर्टानं पुसला, परत घातला, परत काढला. चष्म्याला काही झालेलं नव्हतं. वीस वर्षं ते किल्ली उलटी घालत आले होते आणि स्वतःला त्याबद्दल गाढव म्हणत आले होते. कोणीतरी आत बसून ते ऐकतं आणि कोणाला तरी बरं वाटतं, हे कधी डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. आता तिचं हे काम अगदी वेळेत, देखणं झालं पाहिजे, असं त्यांना फार फार वाटलं.

त्यांनी बायकोला फोन लावला. तिनं कट केला. (आईंच्या डोळ्यांत तेव्हा थेंब पडत होते.) एकओळ्यांनी त्याचा अर्थ, विश्वास आहे, असा घेतला. भरल्या डोळ्यांनी त्यांनी फाइल मेलला जोडली, "कृपया पोच द्यावी" असं नम्रपणे लिहिलं, आणि मोठ्या बाईंना पाठवून दिली.

ओळ परत फिरवायची राहिली होती.

बायको आणि आई परतल्या तेव्हा एकओळे हातात चहाचा ट्रे घेऊन दारातच उभे होते. आईंच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता आणि त्यांना सगळं धुरकट दिसत होतं.

"हा कोण माणूस?" आई म्हणाल्या.

"मीच आहे."

"चहा आणलायस? मग काहीतरी झालंय."

"काही नाही, काही नाही," एकओळे म्हणाले.

दोनदा म्हणाले. बायकोनं पर्स तशीच खांद्यावर ठेवून विचारलं, "काय झालं?"

"खरंच काही नाही. फाइल गेली. वेळेच्या आधी गेली. आई, तू आधी बस. तो डावा पाय वर घे."

"डावा?" बायको म्हणाली.

एकओळे ट्रेकडे बघत राहिले. तेवढ्यात बायकोचा फोन किणकिणला. मोठ्या बाईंचा मेसेज होता. तिनं तो मनात वाचला, मग कळला नाही म्हणून मोठ्यानं वाचला.

"फाइल मिळाली. वाचत आहे. सिनेमा कुठे आहे? आणि हे घोरणारे गृहस्थ कोण?"

बायको लॅपटॉपकडे गेली, पाठवलेली फाइल उघडली आणि वरपासून खालपर्यंत वाचली. एकओळे तिच्या पाठीकडे बघत होते. तिनं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "यात त्यांच्याबद्दलही लिहिलंय मी."

"हो, 'काहीच पसंत पडत नाही'," एकओळे घाईघाईनं म्हणाले, आणि जीभ चावली.

"म्हणजे तुम्ही वाचलंत."

"तपासलं. वाचलं असं नाही."

"सगळं तपासलंत?"

एकओळ्यांनी मान हलवली. ती हो होती की नाही हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. बायको उठली, आत गेली आणि धुतलेली भांडी परत धुवायला लागली.

"काय केलंस रे?" आईंनी काळ्या चष्म्यातून सोफ्याच्या उशीला विचारलं.

"एका ओळीचं काम होतं," एकओळे अगदी बारीक आवाजात म्हणाले. मग ते मुकाट्यानं लॅपटॉपपुढे बसले, ओळ फिरवली, स्वच्छ फाइल केली, ती शब्द न् शब्द वाचून काढली आणि बायकोपुढे धरली. तिनं ओल्या हातांनीच ती तपासली आणि माफी मागून स्वतः पाठवली. उत्तर आलं, "उद्या सकाळी या. गृहस्थांनाही आणा."

मोठ्या बाईंच्या खोलीला बेल नव्हती. दाराबाहेरचं बटण दाबलं की आत एक दिवा लागायचा आणि विझायचा. एकओळ्यांनी अस्वस्थपणात ते बटण इतक्यांदा दाबलं की दार उघडलं तेव्हा मोठ्या बाई डोळे चोळत होत्या. त्या बारीक अंगाच्या, पांढऱ्या केसांच्या होत्या आणि समोरच्याचे ओठ बघून बोलणं समजून घ्यायच्या.

एकओळ्यांनी रात्रभर पाठ केलेलं माफीचं भाषण सुरू केलं. चूक माझी, पत्नीचा काही दोष नाही, चांदणी हावरट असते, वगैरे. मोठ्या बाई मन लावून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या आणि शेवटी बायकोकडे वळल्या.

"मिशीतून काही दिसत नाही," त्या म्हणाल्या. "काय म्हणतायत?"

"चूक झाली म्हणतायत," बायको म्हणाली.

"इतका वेळ?"

एकओळे बसले. मोठ्या बाईंनी दोन कागद पुढ्यात ठेवले. एक सिनेमाचा, एक टिपांचा. बायकोनं पदराशी चाळा करत मान खाली घातली होती. एकओळ्यांना एकदम जाणवलं की ती घाबरली आहे. तिला घाबरलेली त्यांनी फार कमी वेळा बघितली होती, आणि यावेळी ते त्यांच्यामुळे होतं.

"तुमचा सिनेमा बरोबर आहे," मोठ्या बाई म्हणाल्या. "एक चूक नाही. इथे लिहिलंय, (इंजिनाचा आवाज). इथे, (दार उघडतं). दार उघडतं ते मला दिसतंच की. मग वाचून मला काय मिळालं?"

बायकोनं त्या ओळींवरून बोट फिरवलं.

मोठ्या बाईंनी दुसरा कागद उचलला. "आणि हे. जुना पंप सुरू होतो, थांबतो, विचार करतो. घोरणं म्हणजे काय असतं, हे मी आयुष्यभर लोकांना विचारत आले. सगळे म्हणायचे, मोठा आवाज असतो. काल पहिल्यांदा कळलं. मी एकटीच बसून हसले." त्यांनी कागद खाली ठेवला. "किल्लीचं वाचलं तेव्हा मात्र हसले नाही. आमच्या घरीही कोणीतरी यायचं संध्याकाळी. त्या किल्लीला आवाज असेल, हे माझ्या मनातच आलं नव्हतं कधी."

खोलीतला दिवा उगाच एकदा लागला आणि विझला. एकओळ्यांचं कोपर बटणाच्या वायरवर पडलं होतं.

"या टिपा लिहिणाऱ्या बाईकडून मला सिनेमा लिहून हवाय," मोठ्या बाई म्हणाल्या. "बरोबर लिहिणाऱ्या खूप आहेत. जमेल?"

"जमेल," बायको म्हणाली. तिचा आवाज चिरकला, पण ते मोठ्या बाईंना ऐकू गेलं नाही. ओठ त्यांनी स्पष्ट वाचले.

"आणि मला काहीच पसंत पडत नाही, हे खरं आहे. ते काढू नका," त्या उठताना म्हणाल्या.

परतताना कोपऱ्यावर सिग्नलला थांबल्यावर बायकोनं समोर बघतच विचारलं, "ते किल्लीचं तुम्ही वाचलं होतंत?"

"कुठलं किल्लीचं?"

"मग कालपासून चढून का बसलायत?"

एकओळे सिग्नल हिरवा होऊन परत लाल होईपर्यंत तिथेच हसत उभे राहिले. मग तिनंच त्यांचा हात धरून रस्ता ओलांडला.

पुढचे दिवस बायको सिनेमा नव्यानं ऐकत बसली. एकओळे त्या काळात पायमोजे घालून चालायचे, नळ आवळायचे, शेजारच्यांना दार हळू लावायची विनंती करून यायचे. आईंच्या पायाची पट्टी बांधायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. ("आता तुला माझा पाय दिसला होय," आई म्हणाल्या, पण पाय पुढे केला.) दुपारी सोफ्यावर पडायचं मात्र त्यांनी बंद केलं. त्यावर बायकोच म्हणाली, "पडा हो. इंजिनाचा प्रसंग आलाय, मला जरा ऐकायचंय."

सिनेमा पहिल्यांदा दाखवायचा होता तेव्हा तिघांनाही बोलावणं आलं. निघताना बायकोनं एकओळ्यांना इस्त्रीची नवी पँट घालायला लावली.

"माझी पर्स लहान आहे," ती म्हणाली. "घराची किल्ली तुमच्याकडे आहे ना?"

"आहे, आहे," एकओळे म्हणाले आणि दार ओढून घेतलं.

हॉलमध्ये निम्मी माणसं हातवारे करून बोलणारी होती. मोठ्या बाई पुढच्या रांगेत होत्या. अंधार झाला, नदी आली, आणि म्हाताऱ्या नावाड्यानं इंजिनाची दोरी ओढली. खाली अक्षरं उमटली.

(इंजिन सुरू होतं, थांबतं, विचार करतं, परत सुरू होतं.)

हॉल हसला. काहींचं हसणं ऐकू आलं, काहींचं नुसतं खांद्यांतून दिसलं. मोठ्या बाईंनी मागे वळून एकओळ्यांकडे बोट केलं आणि शेजारच्या बाईंना हातांनी काहीतरी सांगितलं. त्याही वळल्या. मग त्यांच्या शेजारचे.

"अगं, हा तर आपला," आई म्हणाल्या. आता त्यांना लख्ख दिसत होतं.

एकओळे ओशाळले, पण त्यांना राग आला नाही. खरं तर ते दुसऱ्याच गोष्टीची वाट बघत होते. शेवटी नावाडी घरी परततो, त्याची म्हातारी आत दिव्यापाशी बसलेली असते, तो प्रसंग आला. एकओळे खुर्चीच्या कडेवर सरकले. नावाड्यानं कडी काढली.

(कडी. ती मान वर करत नाही. तिला कळलेलं असतं.)

शेजारची बाई डोळे पुसत होती. एकओळ्यांनीही पुसले. पण किल्ली त्यात नव्हती.

"आपली किल्ली नाही घातलीस," घरी परतल्यावर जिना चढताना ते म्हणाले. आई एकेक पायरी मोजून पुढे चढत होत्या आणि त्यांचा डावा पाय आता नीट टेकत होता.

"नाही."

"का? चांगली होती."

"ती माझी आहे," बायको म्हणाली. "ती चौकोनी कंसातच राहणार."

आज आपण दार असं उघडायचं की तिनं ते डोळे मिटून ऐकावं, असं एकओळ्यांनी ठरवलं. आधी उलटी, मग सुलटी, अगदी सावकाश. ते दारापाशी पुढे झाले, दोघींना जरा मागे उभं केलं, बायकोकडे एकदा डोळे भरून बघितलं आणि ऐटीत खिशात हात घातला.

इस्त्रीच्या पँटचा खिसा रिकामा होता. मग दुसरा. तोही.

"काय झालं?" आईंनी विचारलं.

"काही नाही, काही नाही," एकओळे म्हणाले.

बायकोनं पर्समधून फोन काढला. एकओळ्यांना वाटलं, ती कुलूपवाल्याला फोन लावतेय. त्यांनी तिच्या खांद्यावरून वाकून बघितलं. ती टाइप करत होती.

[हे दारात. किल्ली जुन्या पँटमध्ये. आवाज नाही.]